घरी कोणी नाही

मी दिवाणावर पालथी पडून हातपाय मारत होते, आणि आत्याबाई समोरच्या खुर्चीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत माझ्याकडं बघत होत्या. मोबाइल उशीला टेकवून ठेवलेला. त्यातली बाई सांगत होती की आधी जमिनीवर सराव करा, हात नीट बसला की मग पाण्यात उतरा. आता परभणीत मी उतरू कुठं? आमच्या नळालाच पाणी यायचं आठवड्यातून एकदा, ते पण बादल्या भरेस्तोवर जायचं. म्हणून दिवाण.

"पोटात दुखायलंय का?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही हो. पोहायलेय."

त्यांनी सुपारीचं बारीक खांड तोंडात टाकलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. नाव गंगासागर, वय पंच्याऐंशीच्या आसपास, नावात एवढा सागर असून जन्मात समुद्र पाहिलेला नाही. मी त्यांची सून, चारुशीला रेंगे. ही गोष्ट घडली तेव्हा मी पंचावन्न ओलांडलेली होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी ऋजुता बंगळुरूला नोकरीला, आणि घरात आम्ही दोघीच.

तेवढ्यात पोहणारी बाई पडद्यावरून गेली आणि ऋजुताचा फोन वाजायला लागला.

"आई, श्रीलंकेचं उत्तर आलं," ती म्हणाली. "हो म्हणालेत."

मी दिवाणावरून अशी उठले की उशी एकीकडं पडली आणि चष्मा दुसरीकडं. मग मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. आत्याबाईंचे दोन्ही हात धरून त्यांना खुर्चीत बसल्या जागी हलवलं. सुपारी सांडली. त्या म्हणाल्या, अगं माय, मोडशील मला. पण रागावल्या नाहीत.

आता माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर गल्लीचा झाला तसा तुमचाही गोंधळ होईल. आयर्लंडमधल्या एका दवाखान्याचे डॉक्टर पेशंटची हकिगत बोलून ठेवायचे, ती ऐकून मी टाइप करायचे. पुढं पुढं टाइप मशीनच करायला लागलं आणि मी त्याच्या चुका काढायला लागले. एक डॉक्टर बोलताना सफरचंद खायचे, ते मशीनला काही उमजायचं नाही, मला उमजायचं. आवाज थांबवायला आणि मागं न्यायला टेबलाखाली पायानं दाबायचं पेडल होतं. खिडकीतून गल्लीला दिसायचा तो माझा हलणारा पाय. म्हणून गल्लीच्या मते मी शिलाई करत होते. नव्यानं राहायला आलेली बाई हमखास ब्लाउजपीस घेऊन यायची.

तर श्रीलंकेनं त्या सुमाराला एक नवा व्हिसा काढला होता. काम तुमचं परदेशातलं, पगार परदेशातला, तुम्ही फक्त लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडं येऊन वर्षभर राहायचं. डिजिटल नोमॅड म्हणे. आपल्याकडं यालाच विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. ऋजुतानं सहज म्हणून त्याची बातमी पाठवली होती, आणि ती वाचून रात्रभर माझा डोळा लागला नव्हता.

कारण मला समुद्राजवळ राहायचं होतं. लग्नानंतर एकदा कोकणात सहल गेली होती, तेव्हा पाहिला होता. मी साडी जरा वर धरून पाण्यात उतरले, पायाखालून वाळू सरकली, मी खदाखदा हसले, आणि तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न मारला. नवरा म्हणाला, चल, पुन्हा येऊ. ते पुन्हा काही आलं नाही. आधी त्यांच्या बदल्या, मग त्यांचं आजारपण. हॉर्न मात्र माझ्या डोक्यात वाजत राहिला.

माझी नणंद शोभाताई जिंतूरला शाळेत मुख्याध्यापक होती, नुकतीच निवृत्त झालेली. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "सीता लंकेतून परत आली, तू उलटी निघालीस व्हय? समुद्रच पाहिजे तर अलिबागला जा की." मी म्हटलं, अलिबागला मी कोणाची तरी वहिनी निघेन, आणि लोणचं घालून देते का म्हणून विचारतील. मला परदेशातच राहायचंय. ती हसली, पण वर्षभर आईपाशी परभणीला येऊन राहायला एका शब्दात तयार झाली. शोभाताई बोलायला फटकळ आहे, पण माणूस लाखातलं.

शेजारच्या नसीमभाभींनी बातमी ऐकली आणि म्हणाल्या, "वां जाके बी येईच मशीन चलाना है ना? फिर यां क्या बुरा था?" आणि संध्याकाळी शिरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या. ईद नव्हती, काही नव्हतं.

मग काय, आमच्या घरात लगीनघाई सुरू झाली. मातारा म्हणून गाव आहे तिथं, दक्षिणेला. त्याच्या जवळ एका बाईंची वरची खोली बघून ठेवली. खिडकीतून समुद्र दिसायचा. मालकिणीचं नाव कुसुमावती. आत्याबाईंना फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, "कुसुमावती? आपल्यातलीच दिसायली." त्या खोलीचा फोटो मी दिवसातून इतक्यांदा बघायचे की मोबाइल गरम व्हायचा.

आता राहिलं होतं एकच, पोलिसांचा दाखला. म्हणजे ही बाई या पत्त्यावर राहते आणि तिच्या नावावर गुन्हा नाही, असं आपल्या पोलिसांनी लिहून द्यायचं. तो ठरलेल्या मुदतीत पोचला नाही तर अर्ज बंद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि पुन्हा करायला मला सवड नव्हती. ते चुका करणारं मशीन दर महिन्याला शहाणं व्हायला लागलं होतं. सफरचंद खाणारे डॉक्टरसुद्धा त्याला कळायला लागले होते. पुढच्या वर्षी माझं काम राहील याची खात्री कोणी देईना, आणि काम नाही तर हा व्हिसा नाही. जायचं तर याच वर्षी.

एक गोष्ट मला खटकत होती. आत्याबाई यावर काहीच बोलल्या नव्हत्या. जा म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. एकदाच, भाकरी थापताना मी समुद्राचं पुराण लावलं होतं तेव्हा म्हणाल्या, "खारं असतंय म्हणं पाणी." मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मग पितेत काय तिथं?" यापलीकडं नाही.

आणखी एक सांगून ठेवते. आत्याबाईंना एक खोड होती. दारात खाकी कपडा दिसला की त्या म्हणायच्या, घरी कोणी नाही. मीटर बघणारा येवो, पोस्टमन येवो. आमची कितीतरी टपालं अशी परत गेली. पोस्टमन बिचारा शेवटी बाहेरूनच मला फोन करायचा, म्हणायचा, मॅडम, तुम्ही घरी आहात पण आजी नाही म्हणायल्यात, काय करू? आम्ही सगळे त्यावर हसायचो. म्हातारं माणूस, अनोळखी पुरुष बघून घाबरत असेल, असं मला वाटायचं.

म्हणून मी त्यांना समोर बसवून सांगितलं, "आत्याबाई, पोलीस येईल. घाबरायचं काही नाही. मी घरात नसले तर त्याला बसवा, पाणी द्या, आणि मला फोन करा." त्यांनी मान हलवली. वर मी स्वतःच घराबाहेर पडायचं बंद केलं. भाजीसुद्धा दारात घ्यायची.

एकाच दुपारी बाहेर पडले, आणि तेही कशासाठी? पोहायच्या कपड्यांसाठी. आमच्या बाजारात माझ्या मापाचं काही मिळेना, आणि जे मिळत होतं ते घालून मी समुद्रात तर सोडाच, न्हाणीतसुद्धा उतरले नसते. म्हणून टेलरकडून शिवायला टाकलं होतं, लांब बाह्यांचं आणि घोट्यापर्यंतचं. त्यानं फिटिंगला बोलावलं. पाऊण तासात परत आले. आत्याबाई जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. कोणी आलं होतं का विचारलं. त्या नाही म्हणाल्या.

चार-पाच दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल. कारण, अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

तीस वर्षं ज्या घरात राहिले, ज्याची घरपट्टी मी भरली, ज्याच्या पत्र्यावरची माकडं मी हाकलली, त्या घरात मी राहत नाही. लॅपटॉप तसाच सोडला, रिक्षा केली आणि पोलीस ठाणं गाठलं.

पौळ जमादार म्हणून होते. मध्यम वयाचे, शांत. त्यांनी मला खुर्ची दिली.

"बाई, मी स्वतः आलो होतो," ते म्हणाले. "आजींनी दार उघडलं. मी तुमचं नाव घेतलं. त्या म्हणल्या, या नावाचं कोणी इथं राहत नाही, घरी कोणी नाही. मी म्हणलं, आजी, तुम्ही तर हैत की. तर म्हणल्या, मी बी नाही."

एरवी मी यावर पोट धरून हसले असते. तेव्हा रडू यायला लागलं. जमादारांनी दोन्ही शेजारी बघितले होते, पण नसीमभाभी नेमक्या दवाखान्यात गेल्या होत्या आणि पलीकडच्या घराला कुलूप. मी त्यांना विनवलं. ते म्हणाले, उद्या सकाळी पुन्हा येतो, परवापासून आम्ही उरुसाच्या बंदोबस्ताला, मग पंधरा दिवस कोणी सापडणार नाही. आणि मुदत संपायला तर आठवडाच राहिला होता.

"पण एक हाय," जमादार म्हणाले. "ज्यांनी नाही म्हणलं, त्यांच्याच तोंडून हो यायला पाहिजे. दोन शेजाऱ्यांच्या समोर. नाहीतर साहेब मला विचारतील, आधीचं खोटं का आत्ताचं? आजी पुन्हा नाही म्हणल्या, तर मला पुन्हा तेच लिहावं लागंल."

रिक्षात शोभाताईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नको, पण आईनं हे मुद्दाम केलंय. तिला तू जायला नको आहेस. तोंडानं म्हणता येईना, म्हणून असं." मला ते पटलं. घराच्या पायऱ्या चढताना माझं डोकं नुसतं तापलं होतं.

आत्याबाई ओट्यापाशी लसूण सोलत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

"पोलीस आला होता," मी म्हटलं.

"आल्ता."

"मग मला नाही का सांगितलं?"

"पोलीस आल्ता म्हणून सांगत नसतेत कुणाला."

"आत्याबाई, मी जायला नको असेन तर सरळ सांगायचं ना. मी तुमचं ऐकलं नाही असं कधी झालंय?"

त्यांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, आणि मला दिसलं की त्यांना माझं बोलणं समजलेलंच नाही.

"तू जायली न जायली त्याचा काय संबंध?" त्या म्हणाल्या. "मी त्याला बसविणारच होते. पाण्याचा तांब्या बी भरून ठेवल्ता. पर त्यो दारात हुबा राहिला, आन् म्हणला, चारुशीला रेंगे हैत का घरी? माझ्या तोंडून निघूनच गेलं. मला कळलंच नाही कवा निघालं ते."

मी खाली बसले. त्या लसणाची टरफलं एका जागी गोळा करत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं, ते तीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचे वडील हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. शोभाताईकडं त्यांचा ताम्रपट आहे. त्यांनी निजामाचे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके कसे जाळले, त्याच्या गोष्टी प्रत्येक लग्नकार्यात निघायच्या. पण त्या गोष्टींत कळमनुरीकडच्या त्यांच्या घराच्या दारात उभी राहणारी सात वर्षांची पोरगी कधीच नसायची.

"मायनं शिकिवल्तं," आत्याबाई म्हणाल्या. "खाकी दिसली की म्हणायचं, घरी कोणी नाही. दुसरं काई बोलायचं नाही. त्या दिवशी बाप घरातच व्हता, जवारी ठिवायच्या पेवात. वरून कडब्याच्या पेंढ्या. माय मळ्यात. पोलीस आले, मला म्हणले, बाप कुठाय? मी म्हणलं, घरी कोणी नाही. पुन्ना इचारलं. एकानं गूळ दाखिवला. मी म्हणलं, नाही."

"मग?"

"मग ते शेजारी गेले. तिथं माझी मैतरीण व्हती, कौसल्या. माझ्याएवढीच. तिला कोणी शिकिवलं नव्हतं. तिनं म्हणलं, हाय. माळवदावर हाय." आत्याबाईंनी हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. "तिच्या बापाला घिऊन गेले. त्यो पुन्ना आलाच नाही. हाय म्हणलं की माणूस जातंय, चारू. नाही म्हणलं की राहतंय."

मी त्यांचा हात धरला. लसणाचा वास येत होता. तापलेलं डोकं कुठल्या कुठं गेलं. मला एकदम त्या माउलीची इतकी माया आली की वाटलं, नको तो व्हिसा. तसं बोललेही मी. म्हटलं, जाऊ द्या आत्याबाई, नाही जात मी.

तर त्यांनी हात सोडवून घेतला. "का नाही जात? आम्ही नव्हतो का गेलो?"

"कुठं?"

"दुसऱ्या देशात." त्या अशा बोलल्या की जसं काही मला हे माहीतच असायला हवं होतं. "पेवातून बाप निघाला, आन् अंधार पडल्यावर आम्ही निघालो. पैनगंगा वलांडली. आलीकडं निजामाचं राज्य, पल्याड हिंदुस्थान. शेजारचा देशच की त्यो. इजा नव्हता का फिजा नव्हता. बापाच्या खांद्यावर बसून गेले मी. उमरखेडच्या कॅम्पात राहिलो, गाव मोकळं होईस्तोवर."

"भीती नाही वाटली?"

"भ्या?" त्यांचा चेहरा असा उजळला की सुरकुत्यांच्या आतली ती पोरगी मला दिसली. "अगं, लई मज्जा आली. तिथं मी पयल्यांदा रेडिव ऐकला. शेव खाल्ली. आन् खाकीवाला दिसला तर पळायचं नाही, असं बाप म्हणला. मला परत यावंच वाटंना. मायनं मारत आणलं मला."

आम्ही दोघी हसायला लागलो. एवढं हसलो की नसीमभाभी भिंतीपलीकडून विचारायला लागल्या, क्या हुआ.

मग मी त्यांना जमादारांचं म्हणणं सांगितलं. उद्या दोन शेजाऱ्यांसमोर तुम्हालाच हो म्हणावं लागेल. त्यांचं हसणं थांबलं.

"आणि आत्याबाई," मी म्हटलं, खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, "तुम्ही हाय म्हणालात की मी पण जाणारच आहे."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला.

सकाळी त्यांनी पेटीतलं ठेवणीतलं जांभळं लुगडं काढलं. केस चापून बांधले. मला म्हणाल्या, तू आत थांब, मी बोलाविल्याबिगर येऊ नको. पौळ जमादार आले तेव्हा नसीमभाभी आणि त्यांचे मिस्टर आधीच येऊन उभे होते. मी स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून कान देऊन राहिले. तिथून मला बाहेरचं कोणी दिसत नव्हतं, फक्त आत्याबाईंची पाठ आणि चौकट धरलेला त्यांचा हात दिसत होता.

जमादारांनी नमस्कार केला. मग कामाच्या आवाजात विचारलं, "आजी, चारुशीला रेंगे घरी हैत का?"

बाहेरून भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज कोपऱ्यावर जाऊन संपला तरी त्या गप्पच. चौकटीवरची बोटं पांढरी पडली होती. मला धावत जाऊन त्यांना आत घ्यावंसं वाटत होतं, पण त्यांनी बोलावल्याशिवाय जायचं नव्हतं.

"घरी..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

बाहेर नसीमभाभी हळूच म्हणाल्या, "बोलो अम्मा."

"घरी हाय," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चिरका निघाला, लहान पोरीचा निघतो तसा. मग त्यांनी घसा साफ केला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घरी हाय. माझी सून हाय. तीस वर्षांपासून इथंच हाय. चारू, भाईर ये."

मी बाहेर गेले. माझे डोळे वाहत होते, नसीमभाभींचेही. जमादार मात्र मान खाली घालून लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, आत्याबाईंचा अंगठा घेतला, आणि पेन खिशाला लावता लावता विचारलं, "आजी, मग मागच्या टायमाला नाही कामून म्हणलात?"

"तवा मला वाटलं तू नेतूस तिला."

"आन् आता?"

"आता तिला कोणी नेईना," आत्याबाई म्हणाल्या. "ती आपल्या पायानं जायली."

जमादारांना यातलं किती कळलं देव जाणे. पण त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला, आणि जाताना आत्याबाईंच्या पाया पडले.

दाखला मुदतीच्या आत पोचला. व्हिसा आला तेव्हा नसीमभाभींनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, आणि ज्यांना अजूनही मी शिलाई करते असं वाटत होतं त्या बायका म्हणाल्या, बघा, शिवणकामाला तिकडं किती मागणी आहे. शोभाताई सामान घेऊन आली. मी निघाले तेव्हा आत्याबाई स्टेशनवर आल्या नाहीत. दारातच माझ्या हातात सुपारीची डबी दिली, म्हणाल्या, पाणी बाधलं तर तोंडात टाक.

पहिले दोन दिवस मी नुसती खिडकीत बसून होते. तिसऱ्या दिवशी टेलरनं शिवलेला पोशाख घातला आणि कुसुमावतीबाईंना घेऊन किनाऱ्यावर गेले. सकाळची वेळ होती, लाटा लहान होत्या. पाण्यात उतरले. पायाखालून वाळू सरकली आणि माझं मलाच कळायच्या आत मी खदाखदा हसायला लागले. कोणी हॉर्न मारला नाही. कमरेएवढ्या पाण्यात गेले, दिवाणावर मारायचे तसे हात मारले, आणि नाकातोंडात पाणी जाऊन धापा टाकत उभी राहिले. दिवाणावर मला फार चांगलं पोहता येत होतं. कुसुमावतीबाई जवळच गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हसत होत्या, आणि माझा मोबाइल त्यांनी पडदा माझ्याकडं करून धरला होता, कारण परभणीला व्हिडिओ कॉल लावलेला होता.

पडद्यावर आत्याबाईंचा चेहरा एवढा जवळ होता की नुसतं नाक दिसत होतं. मी ओरडून सांगत होते, खारं आहे, आत्याबाई, फार खारं आहे. त्या मान डोलवत होत्या. तेवढ्यात तिकडं दार वाजलं. नसीमभाभींच्या मुलाच्या पासपोर्टच्या चौकशीला पौळ जमादार गल्लीत आले होते, आणि जाता जाता आमच्या दारात डोकावले. त्यांचा आवाज मला पाण्यात उभी असताना स्वच्छ ऐकू आला.

"काय आजी, सूनबाई हैत का घरी?"

पडदा हलला. आत्याबाई उठल्या असाव्यात. मला छत दिसलं, पंखा दिसला, मग दाराची चौकट दिसली आणि खाकी शर्टाची बटणं दिसली.

"घरी नाही," आत्याबाई म्हणाल्या, आणि हसू आवरेना म्हणून जरा थांबल्या. "खरंच नाही. हे बग." आणि त्यांनी फोन जमादारांच्या तोंडापुढं धरला.